एक इंच

माणसाने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी काय करावे, याविषयी आपल्याकडे फारसे मतभेद नाहीत. सकाळी फिरायला जावे, रक्तातली साखर तपासून घ्यावी, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीला नाव द्यावे आणि दुपारी जेवण झाल्यावर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडावे. तेव्हा गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या जुलैत, चहाची बशी खाली ठेवता ठेवता मी "मोटारसायकल घ्यावी म्हणतो" असे बोलून गेलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एकदा माझ्याकडे आणि एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. अमावास्या वगैरे आहे का, हे ती बघत असावी.

"घेताय की घ्यावी म्हणताय?" तिने विचारले.

"म्हणतोय."

"मग म्हणा," असे म्हणून ती कुकर लावायला गेली. तेहतीस वर्षांच्या संसारात माझे पुष्कळसे बेत तिने याच एका प्रश्नावर निकालात काढले आहेत. पण या खेपेला दारापर्यंत गेलेली ती परत वळली आणि म्हणाली, "अहो, भावजींना काय सांगाल?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते का नव्हते, हे सांगायचे तर थोडे मागे जायला हवे.

१९८५ साली मला बँकेत लागून दोन वर्षे झाली होती. नाना पेठेतल्या एका मेस्त्रीच्या ओळखीने मी साडेसात हजारांना एक जुनी येझदी घेतली. आजच्या मुलांना येझदी सांगावी लागते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या धर्तीवर गाड्या होत असत. १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यायचे, त्यामुळे मागे निळसर धूर. गिअरचा आणि किकचा दांडा एकच. तो आडवा असला की गिअर, आत दाबून उभा केला की किक. सकाळी ती सुरू करणे हा एक विधी असे. टाकीखालचा कॉक उघडायचा, कार्ब्युरेटरवरची घुंडी पेट्रोल ओघळेपर्यंत दाबायची, दोन किका नुसत्या मारायच्या आणि तिसरी मनापासून. मग आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या चौकात असा काही धूर होई, की वरच्या मजल्यावरच्या काकू दांडीवरचे कपडे ओढून घेत आणि आमच्या आईला उद्देशून, पण आमच्याकडे बघत, "आज एकादशी ना हो?" असे काहीतरी भलतेच विचारीत.

गाडी माझी होती; सेवा धाकट्याची. माझ्या धाकट्या भावाला घरात बाळ म्हणतात. आज तो सत्तावन्नाव्या वर्षात आहे, सासवडला कॉलेजात गणित शिकवतो, त्याच्या हाताखालून शेकडो मुले गेली, पण तो बाळच आहे. येझदीचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे, चेनला तेल देणे, ब्रेकची तार ताणणे ही सगळी कामे तो करी. रविवारी सकाळी जुनी पोती पसरून तो गाडीशेजारी बसला की आंघोळीला उठवावा लागे. "दादा, एक चक्कर मारू?" असे तो महिन्यातून एकदा विचारी, आणि "परीक्षा होऊ दे", "तुझ्या हातात क्लच जाईल", "पुढच्या महिन्यात बघू" यांपैकी एक उत्तर मी त्याला देई. चार वर्षांत मी त्याला हँडल दिले नाही. कारण काही नव्हते. थोरल्या भावांना कारण लागत नाही.

बाळला दुसरा नाद क्रिकेटचा. कॉलेजच्या संघात तो जलद गोलंदाज होता. उंचपुरा, लांब टांगा टाकत यायचा आणि उजव्या हाताने चेंडू सोडताना सगळे अंग डाव्या पायावर आदळायचा. त्या वर्षी क्लबाच्या निवडीला त्याला बोलावले होते.

१९८९ चा ऑक्टोबर. दिवाळीच्या आधीचा रविवार. सासवडला मावशीकडे जाऊन आम्ही दोघे परत येत होतो. पुरंदरची सीताफळे म्हणजे काय हे पुणेकरांना सांगायला नको. मावशीने टोपली भरून दिली होती आणि ती बाळच्या मांडीवर होती. दिवे घाट उतरताना खाली मस्तानी तलाव दिसतो. ऊन कलते होते, गाडी सुरेख बोलत होती, आणि मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. एका वळणावर रस्त्याच्या कडेची बारीक खडी पसरली होती. ती मला दिसली तेव्हा वेग जास्त होता. मी घाबरून मागचा ब्रेक पायाने जेवढा दाबता येईल तेवढा दाबला. मागचे चाक जागीच थांबले, घसरले, आणि गाडी डाव्या अंगावर पडली. माझे कोपर सोलवटले. बाळचा डावा पाय गाडीखाली होता. फुटलेली टोपली आणि घाटाच्या उतारावरून एकेक करून घरंगळत जाणारी ती सीताफळे मला अजून दिसतात. कांदे घेऊन चाललेल्या एका टेम्पोवाल्याने आम्हाला हडपसरपर्यंत आणले.

पायात पट्टी बसवली, आठ महिने गेले. पाय बरा झाला, पण एक इंचाने आखूड झाला, आणि घोटा पुरता वाकेनासा झाला. गोलंदाजीचा प्रश्नच उरला नाही.

आता दुसरी गोष्ट. इस्पितळाच्या व्हरांड्यात आई आली, तिने विचारले, "कसं रे झालं?" आणि मी म्हणालो, "समोरून ट्रक आला."

तो ट्रक मी त्या क्षणी तयार केला. पुढे त्याला तपशील येत गेले. तो चुकीच्या बाजूने आला, त्याने हॉर्न दिला नाही, त्याची नंबरप्लेट परराज्यातली होती. येणारे-जाणारे त्या ट्रकवाल्याला शिव्या देत आणि मी मान हलवीत असे. आठ दिवसांच्या आत मी येझदी त्याच मेस्त्रीला पाच हजारांत देऊन टाकली आणि आईला सांगितले, "पुन्हा मोटारसायकलला हात लावणार नाही." आईच्या डोळ्यांत पाणी आले. नातेवाइकांत माझे नाव झाले. थोरल्याने कसा शब्द पाळला, हे मुंजी-लग्नांतून माझ्यासमोरच सांगितले जाई. खोटे बोलून आणि त्यावर त्यागाचा वर्ख लावून मी पस्तीस वर्षे सुखाने काढली. सुखाने म्हणजे, दिवे घाट सोडून. बाळला नोकरी नेमकी सासवडला लागली, त्यामुळे घाट चुकत नसे. मोटारीतून जाताना त्या टापूत मी हमखास रेडिओ लावीत असे.

आई २०२२ मध्ये गेली. त्याआधी एक वर्ष मी निवृत्त झालो होतो. दोन वर्षांनी, एका पावसाळी सकाळी नळ स्टॉपच्या सिग्नलला माझ्या मोटारीशेजारी एक मोटारसायकल येऊन थांबली. चालवणारा माझ्याच वयाचा. हेल्मेटच्या खालून पांढरी दाढी डोकावत होती. हिरवा दिवा लागला, त्याने गाडी अलगद पुढे काढली, आणि माझ्या लक्षात आले की स्टिअरिंगवरच्या माझ्या डाव्या हाताची चार बोटे क्लच सोडल्यासारखी हळूहळू उघडत होती. मागच्या रिक्षावाल्याने मला भानावर आणले. त्याचे शब्द दिवाळी अंकात देता येत नाहीत.

तर चहाच्या वेळचे ते वाक्य असे आले होते.

घ्यायचे म्हटल्यावर मी आधी आठवणींच्या मागे गेलो. एका गृहस्थांनी जुनी येझदी नव्यासारखी करून विकायला काढली होती. टाकीवर हात फिरवताना घसा दाटून आला. मग किक मारली. गाडी सुरू झाली नाही. गुडघा मात्र झाला. तो पुढे चार दिवस सुरूच होता. नव्या अवताराकडेही जाऊन आलो. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ च्या जानेवारीत पुन्हा बाजारात आले. मात्र आता इंजिन चार स्ट्रोकचे, पाण्याने थंड होणारे, बटणाने सुरू होणारे. गाडी देखणी होती, चालवायला झकास होती. पण मी तिच्यावर बसून ऐकत होतो तो चौकातला आवाज, आणि तो कोणत्याही कारखान्याने पुरवावा अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

बंगळुरूच्या चिरंजीवांनी एक तक्ता पाठवला. वजन, सीटची उंची, ताकद, सर्व्हिसचा खर्च. शेवटी टीप होती : "बाबा, आधी वर्ग करा." मुलाने बापाला शिकवणी लावायची वेळ आली की बापाने निमूट जावे, मी मात्र आधी स्वतःच प्रयोग केला. शेजारच्या मुलाची दीडशे सी.सी.ची गाडी मागून घेतली आणि रविवारी पहाटे एका शाळेच्या मैदानावर गेलो. पहिला धक्का पेट्रोलचा कॉक नसण्याचा. हल्ली सगळे फ्युएल इंजेक्शनवर चालते, कॉक नाही आणि चोकही नाही. दुसरा धक्का दिव्याचा. तो बंद करायचे बटण मी पाच मिनिटे शोधले. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालूच असतो, हे मला मागाहून कळले. तिसरा धक्का सायकल शिकताना बसतो तसा बसला. तीन चकरा छान झाल्या, मी थांबलो, डावा पाय टेकला, तो टेकला त्या जागी खळगा होता, आणि गाडी अगदी सावकाश, मला विचार करायला पुरेसा वेळ देऊन, आडवी झाली.

"काका, लागलं का?" म्हणत शाळेचा रखवालदार धावत आला.

लागले नव्हते. पण एक गोष्ट कळली. वयस्कर माणूस गाडी चालताना पडतो त्यापेक्षा गाडी थांबताना अधिक पडतो. तरुणपणी पाय ती झुकणारी गाडी सहज पेलतो. साठीनंतर पायाला आधी निरोप पाठवावा लागतो, आणि तो पोहोचेपर्यंत दीडशे किलो जमिनीवर गेलेले असतात. चिरंजीवांच्या तक्त्यातला सीटच्या उंचीचा रकाना मी तोवर वाचलाच नव्हता.

मग मुकाट्याने एका तरुण शिक्षकाच्या वर्गात नाव घातले. वर्गात सहा जण होते. पाच जणांचे वय मिळून माझ्यापेक्षा दुप्पट भरले असते, इतकेच. हेल्मेट घालायचे तर आधी चष्मा काढायचा, हेल्मेट चढवायचे आणि मग चष्म्याच्या काड्या कानशिलाजवळच्या फटीतून अंदाजाने आत सरकवायच्या. पहिल्या दिवशी एक काडी डोळ्यात गेली.

त्या मुलाने आम्हाला दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा करायला लावल्या. एक, जिथे जायचे तिकडे बघा. ज्या खड्ड्याकडे बघाल त्यातच जाल. दुसरी ब्रेकची. आमच्या पिढीला बाळकडूच मिळाले होते की पुढचा ब्रेक मारू नये, माणूस डोक्यावरून जातो. तो म्हणाला, गाडी थांबताना सगळे वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते. म्हणून थांबवण्याचे खरे काम पुढचा ब्रेक करतो. तो हळूहळू आवळत न्यायचा. मागचाच करकचून दाबला तर हलके झालेले चाक जागीच अडकते आणि घसरते. २०१९ च्या एप्रिलपासून सव्वाशे सी.सी.वरच्या सर्व नव्या दुचाकींना ए.बी.एस. लागतेच. चाक अडकणार असे दिसताच ते यंत्र ब्रेक क्षणभर सैल करते, पुन्हा धरते, पुन्हा सैल करते. त्याने आम्हाला ते मैदानावर करून दाखवले. पायाखाली पेडल थरथरत होते आणि गाडी सरळ उभी होती.

मी त्याला विचारले, "उतार आहे, वळणावर खडी आहे, जुनी गाडी आहे. मागचा ब्रेक गच्च दाबला. काय होईल?"

"मागचं चाक जाईल, सर. मागे कोणी बसलंय?"

"धाकटा भाऊ."

"वेग आधी कमी करायला हवा होता," तो म्हणाला. "वळणाच्या आधी. वळणावर पोहोचल्यावर फारसं काही हातात राहत नाही."

घरी येताना माझ्या लक्षात आले की पस्तीस वर्षांत ही हकीकत मी प्रथमच ट्रकशिवाय सांगितली होती.

पुढच्याच रविवारी सासवडला गेलो. मोटारीनेच. घाटात रेडिओ लावला नाही. बाळ ओसरीवर उत्तरपत्रिका तपासत बसला होता. पायातला बूट काढून ठेवलेला. त्याच्या डाव्या बुटाला खाली एक इंच जाड तळ आहे, त्यामुळे जोड्यातले दोन बूट शेजारी ठेवले की एक भाऊ दुसऱ्यापेक्षा थोराड दिसतो. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने (मी तिला सगळ्यांसमोर वहिनीच म्हणतो, तशी ती माझी सून लागेल एवढ्या वयाची वाटते), सरबत आणले. मी इकडचे तिकडचे बोललो आणि मग म्हणालो, "बाळ, मी मोटारसायकल घ्यावी म्हणतो."

त्याने लाल पेन्सिल खाली ठेवली. "कोणती?"

एवढेच. मी तयार करून नेलेले सगळे भाषण वाया गेले. मी दोन-तीन नावे सांगितली. "ती उंच पडेल तुला," तो म्हणाला, "आठशे पाच मिलिमीटर आहे. वजनही एकशे पंच्याण्णव किलो. वर्गात काय चालवलीस?" मी चकित होऊन त्याच्याकडे पाहत राहिलो. कोणत्या गाडीला किती गिअर, कोणाचे वजन कुठे असते, कोणाच्या क्लचला जोर लागतो, हे त्याला पाढ्यांसारखे पाठ होते.

"तुला एवढं कसं माहीत?"

"वाचतो," तो म्हणाला.

मग मी म्हणालो, "बाळ, तेव्हा ट्रक नव्हता."

"माहीत आहे की. मी मागेच बसलो होतो ना. तुझ्या खांद्यावरून सगळा रस्ता दिसत होता मला."

"मग बोलला का नाहीस कधी?"

त्याने थोडा विचार केला. "आईला त्या ट्रकचा मोठा आधार होता. तिला तुझ्यावर रागवायचं नव्हतं. मग ट्रकवरच रागवायची. राहू दिला झालं."

आत वहिनीच्या हातातली भांडी वाजायची थांबली होती. मी काही तरी बोलायला तोंड उघडले, बहुधा माफी मागायला, पण तोच पुढे बोलू लागला, आणि त्याचा आवाज बदलला होता. "ट्रकचं मला काही वाटलं नाही, दादा. खडी होती, पडलो. तू नसतास, मी असतो तरी पडलो असतो कदाचित. पण गाडी का विकलीस? प्लास्टर निघालं त्या दिवशी कुबड्या घेऊन मी पहिल्यांदा चौकात गेलो, तो गाडी बघायला. म्हटलं, चार महिने बंद आहे, प्लग घासून ठेवू. तिथं नुसता ऑइलचा डाग होता."

"आईला सांगितलं होतं मी. मला वाटलं, तुझ्या डोळ्यांसमोर ती गाडी नको."

"पाय माझा मोडला, गाडी तू विकलीस. मला विचारलंस?"

मी विचारले नव्हते. माझ्या त्यागाची बातमी सगळ्या गोतावळ्याला मिळाली होती. त्याला तेवढी चौकातल्या डागावरून कळली.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी जे विचारले ते खरे म्हणजे १९८५ सालीच विचारायला हवे होते. "बाळ, तू चालवशील?"

तो आधी हसला. मग त्याने पाय पुढे केला आणि अडचण समजावून सांगितली, गणित समजावतात तशी. गिअर डाव्या पायाला. वरचा गिअर टाकायला पायाचा चवडा दांड्याखाली घालून वर उचलावा लागतो. त्याच्या बुटाचा जाड तळ दांड्याखाली शिरत नाही आणि घोटा वाकत नाही. बिनगिअरची स्कूटर तो वीस वर्षे चालवतो आहे, पण मोटारसायकलच्या दुकानांच्या काचेशी नुसताच उभा राहिला होता. "आणि सीट उंच असली की डावा पाय टेकताना एक इंच कमी पडतो. तुझ्यासारखा मीही थांबताना पडेन." मैदानावरची माझी फजिती त्याच्यापर्यंत पोहोचली होती तर. आमच्या घरातून सासवडला फोन कोण करते, हे मला ठाऊक आहे.

यानंतर गाडी निवडायला मला अडचण पडली नाही. मी स्वतःसाठी शोधत होतो तोवर पंधरा गाड्या डोळ्यांसमोर नाचत होत्या. एका इंचासाठी शोधू लागलो तेव्हा दोन-तीनच उरल्या. पुढे-मागे असा दुहेरी दांडा असलेला गिअर हवा. तो असला की खालचा गिअर चवड्याने दाबायचा, वरचा टाचेने दाबायचा, पाय दांड्याखाली घालायची गरजच नाही. आणि सीट खाली हवी. आम्ही दोघे शोरूममध्ये गेलो. तिथल्या पोराने आम्हाला चकाकणाऱ्या, पाठीत पोक काढून बसायच्या गाड्या दाखवल्या. बाळ सरळ कोपऱ्यातल्या मीटिअर ३५० जवळ जाऊन उभा राहिला. सीट सातशे पासष्ट मिलिमीटर. जिला तो उंच म्हणाला होता तिच्यापेक्षा दीड इंचाने खाली. वजन एकशे एक्क्याण्णव किलो, म्हणजे हलकी मुळीच नव्हे, पण ते खाली बसलेले. तो पाय टाकून बसला. दोन्ही पाय सपाट टेकले. त्याने टाचेने दांडा दाबला, चवड्याने दाबला, पुन्हा टाचेने. खट, खट, खट. शोरूममधल्या पोराला काय वाटले असेल कोण जाणे. छप्पन्न वर्षांचा प्राध्यापक उभ्या गाडीचे गिअर पाच मिनिटे टाकत बसला होता आणि त्याचा थोरला भाऊ तिकडे पाठ करून रंगांचे पत्रक वाचत होता. पत्रक मी उलटे धरले होते, असे तो पोरगा मागाहून म्हणाला म्हणे.

"कोण चालवणार आहे, काका?" त्याने विचारले.

"दोघं," मी म्हणालो.

दसऱ्याला गाडी घरी आली. हिने ओवाळले, हँडलला झेंडूचा हार घातला आणि लिंबू ठेवताना एवढेच म्हणाली, "दोघांनीही हेल्मेट. मागच्यानेसुद्धा." माझ्या परवान्यावर मोटारसायकलची नोंद जुनीच होती. चाळिशीनंतर परवान्याचे नूतनीकरण करताना डॉक्टरांचा दाखला लागतो, तो मी मोटारीसाठी वेळोवेळी दिलेला होता. बाळला मात्र गिअरच्या गाडीचा शिकाऊ परवाना काढावा लागला. संगणकावरच्या परीक्षेत त्याला एक उत्तर चुकले, त्याचे त्याला अजून वाईट वाटते. प्रश्नच चुकीचा होता, असे तो म्हणतो.

गाडी सासवडला मीच नेली, एकट्याने, सकाळी सहाला. घाट चढताना ते वळण नेमके कोणते, हे मला ओळखू आले नाही. दोन ठिकाणी तेच वाटले. दोन्हींच्या आधी वेग कमी केला.

कायदा असा आहे की शिकाऊ परवानेवाल्याने मागे कोणाला बसवायचे नाही. बसवायचे तर फक्त शिकवणाऱ्याला, आणि त्याच्याजवळ पक्का परवाना हवा. तेव्हा सासवडच्या मैदानावर आठ सकाळी काढल्यावर, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, नारायणपूरच्या रस्त्याला बाळने हँडल धरले आणि मी मागे बसलो. पुढे-मागे लाल अक्षरातला "एल" लावलेला. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर मी जन्मात बसलो नव्हतो. तिथून रस्ता निराळाच दिसतो. सगळा दिसतो, आणि आपल्या हातात त्यातले काहीच नसते. वळण आले की माझा उजवा पाय आपोआप फूटरेस्ट दाबू लागे.

नारायणपूरच्या अलीकडे एका बाईजवळ आम्ही सीताफळे घेतली. टोपली माझ्या मांडीवर आली. पुरंदर किल्ल्याच्या माथ्यावर ढग अडकलेला होता. परतताना एका वळणावर रस्त्याच्या कडेला बारीक खडी पडलेली मला दिसली. मी श्वास रोखला. पण बाळने ती माझ्या आधी पाहिली होती. वळणाच्या पुष्कळ अलीकडेच त्याने वेग उतरवला, चवड्याने एक गिअर खाली घेतला, खट, आणि गाडी खडीच्या बाजूने सावकाश, सरळ निघून आली.

"दादा," तो मान न वळवता मोठ्याने म्हणाला, "मागे ब्रेक नाहीये. तू सीताफळं सांभाळ."